सैल नको, घट्ट नको

भोकरदनचा पोरगा आयटीआयला फिटर ट्रेडला गेला की त्याच्या वाट्याला ‘मेल-फिमेल’चा जॉब येतोच. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे. एकाला जीभ काढायची, दुसऱ्याला तेवढीच खाच. मग वाइसमध्ये धरून कानस चालवायची. जीभ खाचेत अलगद सरकली पाहिजे आणि उजेडाकडे धरल्यावर फट दिसता कामा नये. तुकडा उलटा करून बसवा म्हटलं की भल्याभल्यांची फजिती होते.

रायफलच्या मॅगझिनची कसोटीही हीच. सैल बसलं तर डुगडुगतं, काडतूस वर यायची उंची बदलते आणि बोल्टला ते नीट पुढे ढकलता येत नाही. घट्ट बसलं तर काढताना अडतं. आपल्या पोलिसांनी अनेक दशकं वापरलेली ‘थ्री-नॉट-थ्री’, म्हणजे ली-एनफिल्ड, घ्या. तिचं दहा काडतुसांचं मॅगझिन निघायचं, पण भरण्यासाठी ते काढत नसत. पाच-पाच काडतुसांच्या क्लिपा वरूनच रिकाम्या करत. शिवाय मॅगझिन बहुधा त्याच रायफलला हाताने जुळवलेलं असे. काहींवर तर रायफलचाच नंबर ठोकलेला असतो.

हाताने जुळवायचं म्हणजे घासत सुटायचं नाही. एका भागावर प्रशियन निळ्या रंगाचा पातळ थर द्यायचा, दुसरा त्यात सरकवून बाहेर काढायचा. कोऱ्या भागावर जिथे निळं लागलं, तोच अडणारा उंचवटा. तिथे कानशीचा एखादा हात, की पुन्हा रंग. काम केसाच्या जाडीहून, म्हणजे साधारण ७० मायक्रॉनहून, कमी मापात चालतं. इथे उष्णताही खोडी काढते. पोलादाचा ५० मिलिमीटरचा तुकडा ३० अंशांनी तापला तर सुमारे १८ मायक्रॉन वाढतो. मे महिन्यात उन्हात राहिलेली जीभ सावलीतल्या खाचेत अडते, ती यामुळेच. म्हणून जगभर अशी मापं २० अंश सेल्सिअसला धरतात.

हाताच्या जुळणीची एक किंमत असते: जोडी तुटली की दोन्ही भाग निरुपयोगी होतात. याउलट, १७८५ साली फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ या बंदूक-कारागिराने ५० बंदुकांच्या चापांचे सुटे भाग अमेरिकेचा तिथला राजदूत थॉमस जेफरसन याच्यापुढे ठेवले. जेफरसनने हाताला येतील ते भाग उचलून चाप जोडले आणि ते जुळले. यामागचं मर्म फट नाहीशी करण्यात नव्हतं. फट किती असावी हे आधी ठरवून गेजने तपासण्यात होतं. अदलाबदलीसाठी थोडा सैलपणा कबूल करावा लागतो.

भोकरदनला जोडीचं हे गणित नवं नाही. १९७३च्या उत्खननात इथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खालचा भाग मिळाला. इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेली मूर्ती तिच्याशी मिळतीजुळती आहे. पाँपेईच्या मूर्तीच्या डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे. ती आरशाची मूठ होती की आसनाचा पाय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहीही असो, त्या भोकाच्या मापाची खुंटी कुणीतरी घासून घासून बसवली असणार. ती खुंटी आज नाही. दुसरी बसवायची तर पुन्हा कानस हाती धरावी लागेल.