झोंपेंत दांत खाणें



रागावलेला मनुष्य दांतओंठ खातो, असें आपण म्हणतों. परंतु ज्याला राग नाहीं, भूक नाहीं, जो शांतपणें निजलेला दिसतो, असा मनुष्य मध्यरात्रीं करकर दांत खाऊं लागला म्हणजे शेजारचा दचकून उठतो. सकाळीं विचारावें तर उत्तर येतें, "छे! मी स्वस्थ झोंपलों होतों." शाळेच्या वसतिगृहावर देखरेख करीत असतां हें उत्तर मीं पुष्कळ मुलांच्या तोंडून ऐकलें. तीं मुलें खोटें बोलत नव्हतीं. या संवयीचें वैशिष्ट्यच असें कीं, ज्याला ती आहे त्यालाच बहुधा तिची खबर नसते.

वैद्यकांत हिला 'ब्रक्सिझम' असें नांव आहे. हें घडतें कसें? आपली झोंप रात्रभर सारखी नसते; ती कधीं गाढ तर कधीं हलकी असते. हलक्या झोंपेंत मेंदु मधून मधून ३ ते १५ सेकंदांपुरता जागृतीकडे झुकतो व पुन्हा निद्रेंत बुडतो. असें सर्वांचेंच होतें. मात्र कांहींच्या बाबतींत या क्षणीं हृदयाची गति वाढते आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायु तालांत आवळूं लागून दांतांवर दांत घासतात. म्हणजे दांत वाजल्यामुळें झोंप चाळवते असें बहुधा नसतें. झोंप क्षणभर सैल झाल्यामुळें दांत वाजतात.

जागेपणीं आपण स्वस्थ बसलों असतां ओंठ मिटलेले असले, तरी वरच्या व खालच्या दांतांत २ ते ४ मिलिमीटर अंतर असतें. दांतांची गांठ पडते ती मुख्यतः जेवतांना व गिळतांना. रात्रीं मात्र मध्यें घांस नसतांना ते घासले जातात. जात्यांत दाणे न घालतां तें फिरविलें, तर दगडच झिजावयाचा! दांतावरील कवच शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ खरा. पण एकदां झिजलें कीं तें पुन्हा वाढत नाहीं. मग थंड पाण्यानें दांत शिवशिवतात, सकाळीं जबडा आंखडतो, कानशिलें दुखतात. कित्येकांची विश्रांति तरीही पुरी होते. पण ज्यांना ही वेदना जडते, त्यांचा दिवस उदास उगवतो. शेजारीं निजणाऱ्याची झोंप मोडते ती वेगळीच.

मूल दांत खाऊं लागलें कीं त्याच्या पोटांत जंत झाले, अशी घरोघर समजूत आहे. जंतांची शंका असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करावी. परंतु दांत खाणें हा जंतांचा पुरावा नव्हे. पुष्कळ मुलांना ही संवय असते आणि बहुतेकांची ती वयाबरोबर आपोआप सुटते.

प्रौढांत मात्र कारणें शोधावीं. मनावरील ताण, तंबाखू, मद्य, चहा-कॉफीचा अतिरेक, मनाच्या विकारांवरील कांहीं औषधें यांचा या संवयीशीं संबंध दिसून येतो. औषध मात्र स्वतः होऊन बंद करूं नये, डॉक्टरांना सांगावें. याहून महत्त्वाचें म्हणजे, मनुष्य मोठ्यानें घोरत असेल, त्याचा श्वास मध्येंच अडत असेल व दिवसा त्याला पेंग येत असेल, तर दांतांच्या आवाजांत ती गोष्ट बुडूं देऊं नये. तिची तपासणी अवश्य झाली पाहिजे.

दंतवैद्य रात्रीं दांतांवर बसविण्याची पट्टी करून देतात. ती ढालीप्रमाणें दांत राखते. संवय मोडतेच असें नाहीं. २०१८ सालीं अनेक देशांतील तज्ज्ञांनीं मिळून असें मत मांडलें कीं, एरवीं निरोगी असलेल्या मनुष्याचें दांत खाणें हा रोग न मानतां स्नायूंचें एक वर्तन मानावें. तेव्हां घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु दांत झिजत असतील, वेदना होत असेल, तर हयगय करूं नये.

निजलेल्याला स्वतःचा आवाज ऐकूं येत नाहीं. त्याच्या वतीनें ऐकणारा घरांतलाच कोणीतरी असतो. म्हणून ऐकणाऱ्यानें त्याची थट्टा करूं नये, मध्यरात्रीं त्याला हलवून जागें करूं नये. सकाळीं शांतपणें, आवाज केव्हां झाला व घोरणें होतें कीं काय, हें त्याला सांगावें. डॉक्टरांना पुष्कळदां याच साक्षीचा मोठा उपयोग होतो.