मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मातृत्व
मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या विकारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू, मेरुरज्जू व दृष्टीची तंत्रिका यांतील तंतूंभोवती असलेल्या मायेलिन ह्या वसायुक्त आवरणावरच हल्ला करते. झां मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे पद्धतशीर वर्णन केले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीहून अधिक आढळतो व बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. त्यामुळे रोगाचे निदान आणि अपत्याचा विचार हे पुष्कळ स्त्रियांपुढे एकाच सुमारास उभे राहतात.

गर्भारपणाने रोग बळावतो, अशा समजुतीने पूर्वी डॉक्टर अशा स्त्रियांना मूल होऊ न देण्याचा सल्ला देत. हा समज पुढे टिकला नाही. काँफाव्ह्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी यूरोपातील १२ देशांतील २५४ गर्भवतींची पाहणी करून १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग उफाळून येण्याचे प्रमाण गर्भधारणेपूर्वीच्या वर्षात दर स्त्रीमागे सु. ०·७ होते, शेवटच्या तिमाहीत ते वार्षिक ०·२ इतके उतरले, प्रसूतीनंतरच्या तीन महिन्यांत १·२ पर्यंत चढले आणि नंतर पूर्वपदावर आले. तथापि त्या तीन महिन्यांतही बहुसंख्य स्त्रियांना असा त्रास झाला नाही.

वैद्यकीय मत बदलले, तरी रुग्णांच्या मनातील संकोच सरला नाही. उत्तर अमेरिकेतील रुग्णनोंदीवर आधारलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सु. ६,००० रुग्णांपैकी जवळजवळ चार-पंचमांश रुग्णांच्या बाबतीत निदानानंतर गर्भधारणेचा प्रसंग आला नव्हता. अनेकांचे कुटुंब आधीच पूर्ण झालेले होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे, मात्र सु. एक-तृतीयांशांनी रोग हेच कारण सांगितले. त्यांपैकी सु. ७१ टक्क्यांना लक्षणांमुळे मुलाचे संगोपन झेपणार नाही असे वाटत होते, निम्म्यांना जोडीदारावर भार पडण्याची चिंता होती, तर अपत्यास रोग होण्याचे भय सु. ३५ टक्क्यांनी व्यक्त केले. म्हणजे खरी धास्ती गर्भारपणाची नसून त्यानंतरच्या वर्षांची आहे, आणि तिला केवळ प्रसूतिशास्त्रीय आश्वासन पुरे पडत नाही. अकस्मात येणारा थकवा, हातापायांतील दुर्बलता व उद्याविषयीची अनिश्चितता ह्या तान्ह्या मुलाच्या आईस खरोखरीच जाचक गोष्टी आहेत.

आनुवंशिकतेचे भय मात्र बरेचसे अवाजवी आहे : आईवडिलांपैकी एकास रोग असल्यास अपत्यास तो होण्याचा संभव शेकडा २ ते ३ च्या आसपास असतो, तो सर्वसामान्यांपेक्षा अधिक असला, तरी स्वतःपुरता अल्पच होय.

औषधांचा प्रश्न निराळा आहे. टेरिफ्लुनोमाइड गर्भावस्थेत वर्ज्य असून गर्भधारणेपूर्वी ते शरीरातून काढून टाकावे लागते. फिंगोलिमोड काही आठवडे आधी थांबवावे लागते आणि ते थांबविल्यावर रोग उसळण्याचा धोका असतो. म्हणून उपचार निवडतानाच, निदानानंतरच्या पहिल्या भेटींत, स्त्रीला अपत्याची इच्छा आहे काय हे विचारणे आवश्यक ठरते. घरातील मदतीची सोयही प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी आधीच करून ठेवणे हितावह असते.