ग्रस्तोदित सूर्य

ग्रहण लागलेला सूर्य तसाच मावळला तर पंचांग त्याला ‘ग्रस्तास्त’ म्हणते. २०२२च्या दिवाळीत तो आपण पाहिला. ग्रासलेलाच उगवला तर ‘ग्रस्तोदित’. २२ जुलै २००९ची दिव्यांची आवस अशी होती. सुरतेत खग्रास, सातारा-सांगलीत खंडग्रास. ग्रहणमध्य सूर्योदयानंतर जेमतेम पाव तासात, सूर्य क्षितिजावर दोन बोटे चढला असतानाच.

अशा ग्रहणात जागेची निवड हेच निम्मे काम. डोंगरांच्या कोंदणातल्या साताऱ्यात पूर्वेची एखादी कडही तेवढा सूर्य झाकते. त्यापेक्षा अजिंक्यतारा चढावा. सांगलीच्या सपाटीला ती अडचण कमी. उरतात आषाढातले ढग. ते पुष्कळसे सह्याद्रीवरच रिते होतात. साताऱ्यातले माण, सांगलीतले आटपाडी आणि जत कोरडे राहतात. शेतकऱ्याचा तो शाप ग्रहण पाहणाऱ्याची संधी ठरतो.

क्षितिजालगत हवेचा जाड थर सूर्याला मंद, तांबूस, किंचित चपटा करतो. तो वर येईल तसा छायाचित्राचा प्रकाशनकाळ कमी करत जावा लागतो. मंद दिसला तरी त्याचे अदृश्य अवरक्त किरण दृष्टिपटल भाजू शकतात. डोळ्यांपुढे आणि भिंगापुढे सौरगाळणी हवीच. नसेल तर पुठ्ठ्याला सुईने छिद्र पाडावे. सूर्य इतका खाली असताना त्याची कोर समोरच्या भिंतीवरच उमटते, आणि ती टिपायला साधा कॅमेराही पुरतो.