पडदा एकच, मापे अनेक
डिजिटल प्रोजेक्टरच्या लेन्सचा हिशेब

शिंपीकाम करणारा कारागीर एका गिऱ्हाइकाच्या मापावर दुसऱ्याचा कुर्ता कापीत नाही. प्रत्येकाचे माप तो वहीत नावानिशी लिहून ठेवतो. टॉकीजच्या मालकाला आणि केबिनमधल्या ऑपरेटरला आज अशीच वही हवी आहे. पडदा एकच असला तरी त्यावर येणारी चित्रे आता एका मापाची राहिलेली नाहीत.

रिळांच्या काळी ऑपरेटर साध्या चित्रपटाला एक आणि सिनेमास्कोपला दुसरी लेन्स लावत असे. २००५ साली हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या डीसीआय या मंडळाने डिजिटल सिनेमाची मापे ठरवली आणि पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडचीही बहुतेक रिळे गेली. आता केवळ चित्रपटावर खर्च निघत नाही, म्हणून मालक शाळेचा कार्यक्रम, व्यापाऱ्यांचा मेळावा, क्रिकेटचा सामना यांसाठी सभागृह देऊ लागले. १९ नोव्हेंबर २०२३ चा विश्वचषकाचा अंतिम सामना कित्येक मल्टिप्लेक्समध्ये पडद्यावर दाखवला गेला. धंदा चांगला आहे, पण गडबड येथेच होते. दुपारी सामन्यासाठी घाईत फिरवलेला झूम तसाच राहतो आणि रात्रीच्या खेळाला नायकाचे कपाळ मास्किंगच्या काळ्या कापडावर पडते. गिऱ्हाईक भांडत नाही. पुढच्या वेळी येत नाही, एवढेच.

आधी आकडे पाहा

टू-के प्रोजेक्टरच्या चिपवर आडवे २०४८ व उभे १०८० ठिपके असतात. फ्लॅट चित्रपट त्यातले १९९८ बाय १०८० ठिपके वापरतो, तर स्कोप चित्रपट २०४८ बाय ८५८. डिश, ब्लू-रे व नवे लॅपटॉप यांचे चित्र बहुधा १९२० बाय १०८० असते. जुन्या टीव्हीच्या घडणीचे चौकोनी चित्र पूर्ण उंचीला बसवले, तर १४४० बाय १०८० भरते.

यातून मोठी गोष्ट कळते. डिशच्या चित्राची उंची फ्लॅटइतकीच आहे, रुंदीत मात्र दोन्ही बाजूंना ३९ ठिपके कमी. म्हणजे सामन्यासाठी लेन्सला हात लावण्याचे कारणच नाही. फ्लॅटची जागा निवडा आणि कडेच्या बारीक काळ्या पट्ट्या मास्किंगने झाका. पट्ट्या घालवण्यासाठी चित्र ताणले, तर खेळाडू चार टक्के जाड दिसतील.

ब्लू-रेवरचा स्कोप चित्रपट मात्र वेगळा. त्याच्या वरखाली काळ्या पट्ट्या चित्रातच असतात. तेथे लेन्स स्कोपच्या जागी ठेवून प्रोजेक्टरच्या स्केलरने १९२० चे २०४८ करावे. वरखालच्या पट्ट्या आपोआप बाहेर जातात. मात्र भाषांतराच्या ओळी त्या पट्टीत लिहिलेल्या असतील तर त्याही कापल्या जातील. म्हणून खेळाआधी पाच मिनिटे चालवून बघा.

लेन्स बसवण्याचा क्रम

दिवा लावल्याबरोबर फोकस करू नये. लेन्स तापली की फोकस थोडा सरकतो, म्हणून वीस-तीस मिनिटे जाऊ द्यावीत. मग बाहेरचे चित्र न घेता प्रोजेक्टरमधलाच चौकटीचा टेस्ट पॅटर्न पडद्यावर टाकावा. लॅपटॉपची किंवा डिशच्या डब्याची चूक लेन्सच्या माथी मारू नये. प्रथम झूमने आकार, मग शिफ्टने वरखाली व डावे-उजवे, शेवटी फोकस. झूम हलला की फोकसही हलतो, म्हणून तो शेवटीच. मध्य व चारही कोपरे वाचून बघावेत. केबिनची काच आधी पुसावी, नाहीतर धुळीचा दोष फोकसवर जातो.

उजेडाचा हिशेब

पडद्याची उंची कायम आणि रुंदी बदलणारी असेल, तर स्कोपसाठी चित्र सुमारे सव्वापट मोठे करावे लागते. तोच उजेड दीडपटीहून जास्त जागेवर पसरतो आणि पडदा जवळजवळ ३७ टक्के मंद होतो. चित्रपटासाठी पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लँबर्ट उजेड हे प्रमाण आहे. म्हणून स्कोपसाठी दिव्याचा वेगळा आकडा ठेवावा आणि फ्लॅटला परतल्यावर तो उतरवावा. विनाकारण जळणारा दिवा म्हणजे मालकाचा पैसा.

रंगही तपासावेत. चित्रपटाची रंगपद्धत वेगळी, टीव्हीची वेगळी. लॅपटॉपवरून आलेला काळा रंग राखाडी वाटला, तर लेन्सला दोष देऊ नका, सिग्नलची काळ्या-पांढऱ्याची मर्यादा चुकीची निवडली गेली असेल.

नावानिशी जतन करा

मोटरच्या लेन्सचा प्रोजेक्टर झूम, फोकस व शिफ्टच्या जागा लक्षात ठेवतो. फ्लॅट, स्कोप, डिश, लॅपटॉप, ब्लू-रे असे प्रत्येकाचे स्वतंत्र बटण करा. पाहुण्या कार्यक्रमासाठी काही बदलायचे झाले, तर चित्रपटाच्या बटणात बदल करू नका, नवे बटण तयार करा. मोटर दर वेळी केसभर वेगळ्या जागी थांबू शकते, म्हणून पहिल्या खेळाआधी चौकट तपासावी. हाताने फिरणारी लेन्स असेल तर तिच्या कड्यावर रंगाची खूण करावी. सगळे आकडे वहीतही लिहावेत. प्रोजेक्टरची आठवण पुसली गेली, तर वहीच कामाला येते.

आणखी एक. घरचे डिश कनेक्शन किंवा विकतची डिस्क तिकीट लावून दाखवण्याचा हक्क देत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कदाराची परवानगी लागते. ती आधी लेखी घ्या.

रिळे गेली तेव्हा अनेक ऑपरेटरांना आपला हुन्नर संपला असे वाटले. हुन्नर संपलेला नाही, हत्यार बदलले आहे. बटण कोणीही दाबेल, पण कोणत्या चित्राला कोणते माप, हे जाणणारा माणूस केबिनमध्ये लागतोच. मालकांनी त्याला वही द्यावी, खेळाआधी अर्धा तास मोकळा द्यावा आणि त्याच्या कामाचे चोख दामही द्यावेत.