पैसा हरित, तोटा कसलाही

मागच्या लेखांकात बँकेच्या भांडवलाची उतरंड पाहिली. तोटा झाला की आधी भागधारकांचा पैसा जातो, मग अतिरिक्त टियर-१ म्हणजे ‘एटी-१’ रोखेधारकांचा, त्यानंतर टियर-२वाल्यांचा. ठेवीदारांपर्यंत झळ पोचू नये यासाठीच ही व्यवस्था. आता या उतरंडीतलं एखादं मडकं हिरवं रंगवलं तर?

स्पेनच्या ‘बीबीव्हीए’ बँकेने जुलै २०२० मध्ये ते केलं. १ अब्ज युरोचे एटी-१ रोखे, व्याज ६ टक्के, आणि जमणारी रक्कम पर्यावरणपूरक कर्जांसाठी. असे हरित एटी-१ रोखे काढणारी ही जगातली पहिली बँक. त्यात मेख अशी, की बँकेचं मूळ भागभांडवल जोखीमभारित मालमत्तेच्या ५.१२५ टक्क्यांखाली गेलं तर या रोख्यांचे शेअर होतात. भांडवल कशामुळे आटलं, हे कोणी विचारत नाही. पवनचक्कीला दिलेलं कर्ज उत्तम वसूल होत असेल आणि बँक बुडाली असेल भलत्याच कर्जापायी, तरी हरित रोखेधारकाची सुटका नाही. नियामक ज्याला भांडवल म्हणतात ते सगळ्या बँकेचं असतं; त्यात हिरव्या खात्याचा वेगळा कप्पा नसतो.

युरोपियन बँकिंग प्राधिकरणाने २०२१ मध्ये यावर स्पष्ट भूमिका घेतली. हरित शिक्का चालेल, पण तोटा सोसण्याच्या अटीला त्याने धक्का लागता कामा नये. म्हणजे बँकेने पैसा ठरलेल्या कामी वापरला नाही, तरी रोखेधारकाला ‘माझे पैसे परत द्या’ म्हणता येणार नाही. त्या चुकीपायी व्याजही वाढवायचं नाही, कारण वाढीव व्याज टाळण्यासाठी बँक रोखे लवकर फेडून टाकेल, आणि भांडवल तर टिकाऊ हवं. थोडक्यात, वचन मोडलं तर बँकेची नाचक्की होईल, पण रोखेधारकाच्या हाती फारसं काही लागणार नाही. मला हे कठोर वाटतं, पण चूक वाटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. देशातले पहिले हरित रोखे येस बँकेने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढले, १,००० कोटींचे, दहा वर्षांचे. ते साधे ज्येष्ठ कर्जरोखे होते, भांडवल नव्हे. मार्च २०२० मध्ये बँक गाळात गेली तेव्हा पुसले गेले ते ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे. हरित रोख्यांना हात लागला नाही. ते हरित होते म्हणून नव्हे, तर उतरंडीत सुरक्षित जागी होते म्हणून. एटी-१ पुसण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान, ऑक्टोबर २०२० मध्येच सेबीने एटी-१ रोख्यांच्या व्यवहाराची किमान रक्कम १ कोटीवर नेली. ‘एफडीपेक्षा जास्त व्याज’ एवढंच ऐकून या रोख्यांत पैसे घालणाऱ्या निवृत्तांना तोवर फटका बसून चुकला होता. या रोख्यांच्या माहितीपत्रकावर हिरवं पान छापलेलं असतं, तर विक्री आणखी सोपी झाली असती.

हरित कर्जांना मुळात कमी भांडवल लागावं, अशीही मागणी युरोपात होत असते. ती पुढच्या आठवड्यात तपासू.