गिरणगावाचा धडा, कोळसापट्ट्यासाठी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पर्यायी कामाची तजवीज नव्हतीच. कुणी साचेवाला रखवालदार झाला, कुणी कोकणात परतला.

१९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा परवडणाऱ्या घरांसाठी राखला. २००१च्या दुरुस्तीने तो मोकळ्या जागेपुरताच उरला. म्हाडाने कामगारांच्या घरांची मोठी सोडत काढली ती २०१२ साली. संपानंतर तीस वर्षांनी!

आज चंद्रपूर, घुग्घुस, वणी कोळशावर जगतात. उद्या खाणी बंद झाल्या तर तिथेही गिरणगावासारखेच होऊ नये. कंत्राटी मजुरांची नोंद, नवे प्रशिक्षण आणि जमिनीतला वाटा खाणी चालू असतानाच कायद्याने ठरवायला हवा.