मोटारीचा एअर फिल्टर : धूळ, झीज आणि देखभाल

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, आणि हेच प्रमाण वजनाऐवजी आकारमानात मांडले की त्याचा आवाका ध्यानात येतो. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम असते. ते जाळण्यासाठी जवळजवळ ११ किलो हवा लागते, आणि एक घनमीटर हवेचे वजन जेमतेम १.२ किलो भरत असल्याने ही हवा सुमारे ९ घनमीटर, म्हणजे ९,००० लिटर होते. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार या हिशेबाने १०,००० किलोमीटरच्या प्रवासात सुमारे ६,००० घनमीटर हवा आत ओढते, आणि रस्त्यावरची हवा निर्मळ कधीच नसते. रुंदीकरणासाठी उखडलेला महामार्ग, मुरूम टाकलेली गावाकडची वाट किंवा पुढे चाललेला वाळूचा ट्रक यांपैकी काहीही वाट्याला आले, तरी धूळ कित्येक पटींनी वाढते. दर घनमीटरला केवळ १ मिलिग्रॅम धूळ धरली, तरी तेवढ्या प्रवासात इंजिनाच्या तोंडाशी ६ ग्रॅम धूळ येऊन ठेपते. ती सिलिंडरपर्यंत पोहोचू न देणे, हे एअर फिल्टरचे काम होय.

धूळ इंजिनाला इतकी घातक का ठरते, याचे उत्तर तिच्या कठीणपणात आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी १ ते १० अशी मोह्‌स मापनश्रेणी वापरतात. तीत वाळूतील क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ लागतो, तर चाकूचे साधे पोलाद साडेपाचच्या आसपास असते. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्ट या काळ्या अग्निजन्य खडकावर वसलेला आहे आणि त्या खडकात क्वार्ट्‌झ फारसे नसते, हे खरे. परंतु त्यातील फेल्डस्पार हे खनिजही ६ ते साडेसहा इतके कठीण असते. सिलिंडरचे अस्तर सामान्यतः ओतीव लोखंडाचे असते, पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि हे दोन्ही अशा कणांपुढे मऊच ठरतात. पिस्टनभोवतीच्या कड्या, ज्यांना रिंग म्हणतात, त्या सिलिंडरच्या भिंतीवर थेट घासत नाहीत, कारण दोहोंच्या मध्ये तेलाचा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून तो थर किती पातळ आहे याची कल्पना यावी. या थराच्या जाडीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा कण मध्ये सापडला, की तो दोन्ही पृष्ठभागांवर एकाच वेळी ओरखडे काढतो. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या खड्यांपेक्षा ५ ते २० मायक्रॉनची बारीक धूळ अधिक घातक मानली जाते, ती यामुळेच.

ही झीज एका दिवसात जाणवत नाही. भिंत आणि रिंग यांच्यातील फट वाढत गेली, की जळालेल्या वायूचा काही अंश खाली तेलात उतरतो, तेलाचा काही अंश वर चढून जळतो, सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो, आणि ‘गाडी ऑइल खाते’ ही मेकॅनिकच्या तोंडची तक्रार सुरू होते. आत शिरलेली धूळ तेलाबरोबर फिरून बेअरिंगांपर्यंत जाते, हे आणखी एक नुकसान. एकदा झिजलेला धातू पुन्हा भरून येत नसल्याने अखेर इंजिन उतरवून सिलिंडर रिबोअर करणे, म्हणजे त्याचा आतला व्यास कापून वाढवणे आणि मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे, एवढाच मार्ग उरतो.

एअर फिल्टरची गरज आधी तीव्रतेने जाणवली ती शेतात. अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन यांनी १९१५ मध्ये धुळीने निकामी होणाऱ्या ट्रॅक्टरसाठी हवा गाळणारे साधन तयार केले, आणि पुढे ट्रॅक्टरांवर तेलातून हवा गाळणारा ‘ऑइल बाथ’ प्रकार रूढ झाला, जो जुन्या ट्रॅक्टरांवर आजही दिसतो. मोटारीत मात्र आता बहुतेक ठिकाणी घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर असतो. हा कागद सेल्युलोजच्या तंतूंचा असून त्याला राळेसारख्या रसायनाने ताठ केलेले असते. घड्या घातल्याने लहानशा चौकटीत मोठे क्षेत्रफळ मावते, हवा कागदातून सावकाश जाते आणि तिला अडथळा कमी होतो. हा कागद पिठाच्या चाळणीप्रमाणे केवळ छिद्राहून मोठे कणच अडवतो, असे मात्र नाही. जड कण वेगात असल्याने तंतूला वळसा घालून जाणाऱ्या हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात, मध्यम कण तंतूला घासून चिकटतात, तर अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूंवर जाऊन बसतात.

यातून निघणारी एक गोष्ट बहुतेक वाहनमालकांना ठाऊक नसते : अगदी कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडा वापरलेला फिल्टर धूळ अधिक चांगली अडवतो, कारण तंतूंवर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळण्याचे काम करू लागतो. केवळ करडा रंग पाहून फिल्टर बाद ठरवणे म्हणूनच बरोबर नाही, आणि दर महिन्याला तो उघडून झटकणेही बरोबर नाही. धुळीचा थर इतका जाड झाला की हवेलाच पुरेशी वाट मिळेना, तेव्हाच त्याचे आयुष्य संपते.

फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढते, हा समज सर्वत्र आहे. आजच्या पेट्रोल गाड्यांबाबत तो खरा नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर तुंबलेल्या फिल्टरचा इंधनखर्चावर लक्षणीय परिणाम आढळला नाही, मात्र वेग घेण्याची क्षमता, म्हणजे चालकांच्या भाषेतील पिकअप, कमी झालेला आढळला. याचे कारण असे, की या गाड्यांत आत येणारी हवा आणि धुराड्यातील प्राणवायू यांवर सेन्सरचे लक्ष असते, आणि हवा कमी आली तर संगणक पेट्रोलही त्याच प्रमाणात कमी सोडतो. कार्बोरेटरमध्ये अशी दुरुस्ती होत नसल्याने जुन्या गाड्यांत मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि ते वाया जाते. तो समज त्या काळातून आलेला आहे. डिझेल इंजिनात हवा अपुरी पडली, की इंधन अर्धवट जळून काजळी वाढते, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत ही काजळी धुराड्यातील गाळणीवर साचते. तरीही इंधनाची बचत हा मुद्दा गौण होय. फिल्टर बदलायचा तो इंजिनाची झीज टाळण्यासाठी.

गॅरेजमध्ये सर्रास चालणारी ‘हवा मारण्याची’ पद्धत या दृष्टीने तपासली पाहिजे. कंप्रेसरचा झोत अगदी जवळून मारला, तर कागदाला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात किंवा घडी फाटते, आणि त्या वाटेने गाळण न होता धूळ थेट आत जाते. असा फिल्टर दिसायला स्वच्छ, पण मळक्या फिल्टरपेक्षा वाईट असतो. कंपनीच्या पुस्तिकेत सफाई सांगितली असेल, तर झोत कमी दाबाचा, लांबून आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे असावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. फिल्टर बदलण्याचे अंतर अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत २०,००० ते ४०,००० किलोमीटरच्या दरम्यान दिलेले असते, परंतु त्याच पुस्तिकेत धुळीच्या प्रदेशासाठी ते कमी करण्याची सूचना असते आणि ती सहसा वाचली जात नाही.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम बहुतेक गाड्यांत पंधरा मिनिटांचे असते. थंड इंजिनावर बोनेट उघडले, की जाड नळी जोडलेली काळी प्लॅस्टिकची पेटी दिसते. तिच्या क्लिपा किंवा स्क्रू सोडवून झाकण उचलावे, त्याला सेन्सरची वायर जोडलेली असेल तर ती ताणू नये. जुना फिल्टर कोणत्या बाजूने बसला होता ते पाहून तो सावकाश काढावा, आणि पेटीच्या तळाशी साचलेली माती, वाळलेली पाने, कधी उंदरांनी आणून टाकलेल्या चिंध्या ओलसर फडक्याने टिपून घ्याव्यात. त्या वेळी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत काही पडू देऊ नये. नवा फिल्टर बसवताना त्याच्या कडेची रबरी पट्टी खाचेत सर्व बाजूंनी नीट बसली पाहिजे, कारण कागद कितीही उत्तम असला, तरी कडेला राहिलेल्या फटीतून धूळ जातेच. नवा फिल्टर बसवल्यावर पेटीच्या नळीकडील बाजूला काही दिवसांत धूळ दिसली, तर तो चुकीच्या मापाचा किंवा बनावट असल्याची खूण समजावी. एसीची हवा गाळणारा केबिन फिल्टर वेगळा असतो. पावतीवर केवळ ‘फिल्टर बदलला’ असे असेल, तर कोणता, हे विचारून घ्यावे.

लहान मोटारीचा एअर फिल्टर काहीशे रुपयांत मिळतो. वाहनमालकाने सर्व्हिसिंगनंतर जुना फिल्टर मागून घेऊन पाहावा, नव्याच्या चौकटीवर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा, आणि पुस्तिकेतील धुळीच्या प्रदेशासाठीची सूचना एकदा तरी वाचावी.